निलंग्याचं लाटणं, लुपेच्या हातात

मी एक जुनं लाटणं आहे, मित्रांनो, आणि जरा तोंडाळही आहे. बहात्तरच्या दुष्काळात वाळून गेलेल्या बाभळीपासून निलंग्याच्या संगप्पा सुतारानं मला घडवलं. गुरम्माच्या घरी आल्यावर मात्र माझी निराशाच झाली. ते ज्वारीचं घर. दोन्ही वेळा काठवटीत भाकरी थापायच्या आणि मी खुंटीवर! पुरणपोळीपुरती माझी आठवण, आणि त्या वर्षी तर पुरणाला डाळच नव्हती.

दहा वर्षांनी आमचा तालुका नव्या लातूर जिल्ह्यात गेला. त्याच साली गुरम्माची लेक महादेवी लग्न होऊन नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाली. "तिकडं जवारी मिळंल न मिळंल, हे असू दे," म्हणत गुरम्मानं मला पेटीत कोंबलं. काठवट मागंच राहिली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

तिथं ज्वारी खरंच नव्हती. महादेवीला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते भाकरीचे. दुसरं काही पोटात ठरेना. तिनं मैदा आणला, पण हात पडले भाकरीचे! मला बाजूला सारून तिनं मैदा थापला, तव्यावर टाकला आणि सवयीनं वरून पाण्याचा हात फिरवला. त्याची खळ होऊन तव्याला चिकटली. रोज हेच. ती वाळत चालली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "वजन असंच घटलं तर बाळाला धोका आहे."

शेजारी मेक्सिकोची लुपे राहायची. तिनं एकदा ताटभर गरम तोर्तिया आणल्या, अगदी आपल्या पोळीसारख्या. महादेवीनं घास मोडला, तेवढ्यात तिचा नवरा भीमाशंकर म्हणाला, "थांब, ह्याच्यात डुकराची चरबी असती." तिनं घास खाली ठेवला आणि तिला रडूच कोसळलं.

पण शेजारणीचं ताट रिकामं परत द्यायचं नाही, ही गुरम्माची शिकवण. त्यात शेंगदाण्याची चटणी भरून ती नवऱ्याला म्हणाली, "आमाला चरबी चालत न्हाई, राग मानू नका म्हणून सांगा."

लुपेला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी ती मैदा घेऊनच हजर! चरबीऐवजी तेल घातलं, कोमट पाण्यात मळलं, गोळे फडक्याखाली अर्धा तास झाकले. मग तिनं मला उचललं. महादेवीचा हात पाण्याकडं वळताच तिनं मनगटच धरलं, "नो, नो!" तव्यावर तोर्तिया फुगली. महादेवीनं चटणीबरोबर दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली. उलटून पडतं की काय म्हणून लुपे आणि भीमाशंकर तासभर तिच्याकडंच बघत बसले.

"राहिलं बगा पोटात," ती म्हणाली. भीमाशंकरनं तोंड फिरवून डोळे पुसले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माहेर सातासमुद्रापार. शेवटचे दोन महिने लुपे रोज यायची आणि महादेवीला खुर्चीत बसवून स्वतः लाटायची.

मित्रांनो, मला धुऊन ओलं ठेवू नका, तडा जातो. आणि कुणाची लेक तुमच्या शेजारी एकटी पडली असेल, तर तिला काय चालतं ते आधी विचारा आणि दोन पोळ्या जास्त लाटा.

मुलगी झाली तेव्हा महादेवीनं निलंग्याला पत्र लिहिलं : "आई, दोघी खुशाल आहोत. काळजी करू नकोस. बाळंतपण माहेरीच झालं."