मोलकरणीचं पद

“वन्समोर!”

फिल्म सोसायटीच्या तीसेक प्रेक्षकांनी मागे वळून पाहिलं. न्यूझीलंडमधलं पामर्स्टन नॉर्थ हे गाव एवढंसं. यातले निम्मे उद्या मला हॉस्पिटलात कामावर भेटणार होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक माझीच. जुना फ्रेंच विनोदी सिनेमा, रंगभूमीवरच्या ऑपेरेटावरून केलेला. “म्हणजे आपलं संगीत नाटकच,” असं सांगून मीच आईबाबांना आणलं होतं. २०१४ सालच्या जुलैत ते माझ्याकडे आले होते. बाबांनी, म्हणजे पुरुषोत्तमरावांनी, तीस वर्षं नाटक कंपनीत ऑर्गन वाजवला. आई त्याच कंपनीत दासी-सखीची कामं करायची. वाट्याला नाटकागणिक एखादंच पद. पडद्यावर मोलकरणीनं कपड्यांच्या घड्या करता करता छोटंसं गाणं म्हटलं आणि बाबा ओरडले. सिनेमा अर्थातच पुढे गेला.

दिवे लागल्यावर मी त्यांना झापलं. “बाबा, सिनेमा आहे तो. मागे कसा येईल?”

“माहितीय गं मला.” ते आईकडे बघत नव्हते. “सांगलीला हिला एकदा वन्समोर मिळाला होता. एकदाच. मॅनेजरनं विंगेतून हात केला, वेळ नाही म्हणून. मी सूर धरलाच नाही. नायिकेचं पद सुरू केलं.”

एवढ्या वर्षांत घरात हे कोणी बोललं नव्हतं. आई शालीचं टोक सारखं करत राहिली. घशाच्या ऑपरेशननंतर तिच्याजवळ कुजबुजीपुरताच आवाज उरला होता.

प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या मार्गरेटची माफी मागायला गेले आणि का कोण जाणे, सगळं सांगून बसले. ती “स्वीट ॲज” म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ‘काही हरकत नाही’, हॉल रिकामा होऊ दिला आणि डिस्क त्या गाण्यापर्यंत मागे नेली.

मोलकरीण पुन्हा गाऊ लागली. बाबांची बोटं गुडघ्यावर चालू लागली. भाषा कळत नव्हती, पण एकही जागा चुकली नाही. गाणं संपल्यावर ते आईकडे वळले. पंचेचाळीस वर्षं उशिरा का होईना, त्यांना माफी हवी होती. मला त्यांची फार दया आली.

आई पडद्याकडेच बघत होती.

“हिला मिळाला हो,” ती कुजबुजली.

मग वाकून तिनं खुर्चीखाली पडलेली बाबांची काठी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.