पुनवेच्या रविवारचं शूटिंग

भाविकाचं पहिलं गाणं शुक्रवारी यायचं होतं, आणि त्याच्या व्हिडिओतली होडी रविवारी संध्याकाळी वेसाव्याच्या खाडीत चिखलात बसली होती. तिरकी, एका कुशीवर. पाणी पार लांब गेलं होतं.

गाणं संथ, विरहाचं होतं. कोळ्याची पोर आणि हळदीत नाचायचं गाणं कसं नाही, असं अर्ध्या गावाने विचारून झालं होतं. भाविकाने कुणाचं ऐकलं नव्हतं. ऑफिस सांभाळून पाच महिने तिने ते बसवलं होतं. शेवटच्या कडव्यात ती बापाच्या होडीतून निघून जाते आणि किनारा मागे पडतो, हा एक शॉट तिला जिवापाड हवा होता.

तारीख तिने आणि ओजसने फोनवर ठरवली होती. कॅमेरा ओजसचा, व्हिडिओही तोच करत होता. दोघांनी सूर्यास्ताची वेळ बघितली, पाण्याची कुणीच नाही. ओजस मुलुंडचा, त्याचं एक वेळ सोडून द्या. पण पुनवेला संध्याकाळी ओहोटी असते हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. भाविकाला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त चीड आली.

"पाणी परत कधी?" ओजसने विचारलं.

"रात्री बाराला भरतं."

"वाट लागली. पुढच्या रविवारी मी नाशिकला, लग्नाच्या ऑर्डरवर. आणि गाणं शुक्रवारी."

"माहितेय रे मला. किती वेळा सांगशील?"

रामचंद्र, तिचा बाप, काठावर जाळं शिवत बसला होता. दहा दिवसांपूर्वी जेवताना तिने त्याला तारीख सांगितली होती. तो "बरं" म्हणाला होता आणि भात कालवू लागला होता. भाविका तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, आज पाणी नसणार, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने मान वर केली नाही. "बोललो असतो तं तुमी मढला गेले असते. तिकरं खोल पानी हाय, होऱ्या मिलतान."

"मग?"

"मंग तुझा पयला गाना दुसऱ्याचे होरीवर झाला असता."

तोंडाशी आलेलं सगळं भाविकाला गिळावं लागलं. माणसाने रागवावं तरी धड कुणावर? "पाच महिन्यांची मेहनत मातीत घातलीत, बाबा," एवढं मात्र ती म्हणालीच, कारण ते खरं होतं.

"घातली," रामचंद्र म्हणाला आणि सुई खाली ठेवली.

तिने साडी गुडघ्यापर्यंत खोचली. "ओजस, कॅमेरा होडीवर चढव. होडी जात नाही ना, मग मीच चालत जाते."

स्पीकरवर गाणं लागलं आणि ती होडीकडे पाठ करून चिखलातून निघाली. मागे वळून ओळी म्हणायच्या होत्या, पण ओठ शब्दांवर बसेनात. रडू आणि राग एकदमच येत होते. पाय उपसताना घाम फुटत होता.

"डावीकरशी जा," रामचंद्र काठावरून ओरडला. "तिकरं जमीन घट हाय."

तिला ते स्वच्छ ऐकू आलं. ती मुद्दाम उजवीकडे वळली आणि मांडीपर्यंत रुतली.