नुसती कझिन

निकेशचं इंग्रजी सुधारलं आणि मी त्याची बहीण राहिले नाही.

आम्ही पनवेलजवळच्या कोन गावचे. त्याचे वडील आणि माझे वडील सख्खे भाऊ, घर एकच, चूल एकच. मला भाऊ नाही, त्याला बहीण नाही. राखी माझी, भाऊबीज माझी आणि त्याच्या मारामारीत समोरच्याला चावायचं कामही माझंच. घरात 'चुलत' हा शब्द कुणी काढत नसे. परक्याला नातं समजावताना तेवढा तो लागायचा. इंग्रजीतून सांगायची वेळ आली की आम्ही 'कझिन ब्रदर', 'कझिन सिस्टर' म्हणायचो, सगळं पनवेल म्हणतं तसं.

ऐरोलीच्या कंपनीत लागल्यावर निकेशला या शब्दाची शिसारी यायला लागली. पुढे करंजाड्याच्या ऋचाशी त्याचं लग्न ठरलं. साखरपुड्यात मी तिच्या माणसांना हौसेनं सांगितलं, "आय ॲम हिज कझिन सिस्टर." ऋचाचा भाऊ अथर्व हसला. "कझिन सिस्टर काय? नुसतं कझिन. इंग्लंडात असं कुणी म्हणत नाही." त्याचं मला काही वाटलं नाही, परका माणूस. पण निकेश त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आमच्याकडे चालतं असलं. सोडून दे."

परतताना गाडीत मी त्याला फैलावर घेतलं. "इंग्लंडात काकाची, मामाची, मावशीची, आत्याची, सगळी पोरं एकाच पोत्यात भरतात. मुलगा की मुलगी तेही कळत नाही. आपल्याकडे चुलतबहीण, मामेबहीण, मावसबहीण, आतेबहीण. पुढचं बदलतं, बहीण हलत नाही. हे पहिल्यांदा ज्यानं कुणी इंग्रजीत नेलं असेल, त्याचा 'सिस्टर' टाकून द्यायला हात धजला नसणार. तिथून आलाय हा शब्द."

"भाविका, चूक ती चूक," तो म्हणाला. "चारचौघांत लाज वाटते."

शब्दाची की माझी, हे मी विचारलं नाही.

लग्नात करवलीचा मान बहिणीचा. पाण्याचा करा घेऊन नवरदेवाच्या मागे उभं राहायचं. फार वर्षं मी त्या मानावर डोळा ठेवून होते. पैठणीही घेऊन ठेवली होती. हळदीच्या आदल्या दिवशी निकेश खोलीत आला आणि भिंतीकडे बघत बोलला, "स्टेजवर फक्त इमिजिएट फॅमिली ठरलीये. कझिन्स सगळे खाली, पुढच्या रांगेत. एकाला घेतलं तर सगळ्यांना घ्यावं लागतं."

"मंग करवली कोन?" त्याच्या आईनं, भामाकाकीनं विचारलं.

"इव्हेंटवाल्यांची एक मुलगी असते. नऊवारी नेसून येते. पॅकेजमध्येच आहे. फोटोपण छान येतात."

"आरे, आपली भाविका हाय ना घरान! ती बहीन नाय तुजी?"

"आई, ती कझिन आहे."

काकीला इंग्रजी येत नाही, पण हा शब्द तिला लागला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी पैठणी कपाटात कोंबली आणि दार लावून रडले. राग त्याचा येत होता आणि रडणं मला येत होतं, त्याची आणखी चीड.

तरी लग्नाला गेले, काकीसाठी. पुढच्या रांगेत बसले. स्टेजवर ती मुलगी करा घेऊन उभी होती, फोटोवाला सांगेल तिकडे मान वळवून हसत होती. तिच्यावर माझा राग नव्हता. ती बिचारी पोटासाठी उभी होती. मंगलाष्टका झाल्या आणि भटजी माईकवरून म्हणाले, "आता नवरदेवाच्या बहिणीला पुढे बोलवा. काय नाव बहिणीचं?" आणि त्यांनी माईक निकेशच्या तोंडापुढे धरला.

निकेशनं तोंड उघडलं आणि तो अडकला. एकदा त्यानं खाली आमच्या रांगेकडे बघितलं. मी नजर हटवली नाही. मनातल्या मनात म्हणत होते, घे रे, अजून वेळ गेलेली नाही, घे नाव.

तो त्या मुलीकडे वळला. माईक अजून तोंडापुढेच होता, त्यामुळे सगळ्या हॉलनं ऐकलं.

"एक्स्क्यूज मी," निकेश म्हणाला, "युअर गुड नेम?"