एकोणसाठ माळा

अप्पांच्या पायाची दोन बोटं काळी पडली तेव्हा सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पंजा कापावा लागेल. लगेच केलं तर उत्तम, चार दिवसांच्या वर मात्र एक तासही नको. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी महामृत्युंजयाचा अकरा हजार जप पुरा होऊ दे, मग खुशाल सुरी लावा. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या घरात अप्पांनी एकदा ठरवलं की त्यापुढे कुणाची हूं की चूं नाही.

तीस वर्षं अप्पा गोदामात आलेला माल मोजून घ्यायचे. तिथे सगळे त्यांना ‘काटा’ म्हणायचे आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. जपाचंही त्यांनी तसंच चोख मांडलं. माळ एकशे आठ मण्यांची, पण धरायची शंभर. वरचे आठ मणी जांभया, चुका आणि भरकटलेलं मन यांच्यासाठी सोडून द्यायचे. म्हणजे एकशे दहा माळा. त्या अप्पा, दादा, वहिनी आणि मी अशा चौघांनी करायच्या आणि रोज संध्याकाळी अप्पांच्या वहीत आकडा द्यायचा.

एका माळेला सत्तावीस मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलं. मीही बापाचीच लेक. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजते. अप्पांच्या पांढऱ्या पेशी मीच मोजत होते. धडधाकट माणसाच्या त्या अकरा हजारांच्या आत असतात. अप्पांच्या सोमवारी अठरा हजार भरल्या.

त्या संध्याकाळी अप्पा पलंगावर उशीला टेकून वही उघडून बसले. तापात त्यांनी स्वतः चार माळा ओढल्या होत्या. दादाच्या तीन, वहिनीच्या तीन. माझ्याही तीनच झाल्या होत्या. या वेगाने आठ-नऊ दिवस लागणार हे मला वहीत न बघता कळत होतं. मी ‘तीन’ म्हणायला तोंड उघडलं आणि सतरा म्हणून मोकळी झाले.

अप्पांनी चष्म्यावरून बघितलं. कामावर असताना मनातल्या मनात चालूच होता, असं मी सांगितलं. मग ते आपणच म्हणाले की मानसिक जप तोंडी जपापेक्षा भराभर होतो. आणि लिहून टाकलं. दादा असता तर त्याची उलटतपासणी झाली असती. तो लहानपणापासून थापाड्या. माझं मात्र कधी कुणी तपासलंच नव्हतं. ती इतक्या वर्षांची पुण्याई मी चार संध्याकाळी उधळली. सतरा, अठरा, अठरा, सतरा. माझ्या नावावर सत्तर माळा लागल्या, त्यातल्या खऱ्या अकरा.

गुरुवारी संध्याकाळी एकशे दहा भरल्या. अप्पांनी वहीखाली दोन रेघा मारल्या आणि शुक्रवारी पंजा कापला गेला.

शस्त्रक्रिया चांगली झाली, पण सर्जनबाई जाता जाता पुटपुटल्या की सोमवारी मिळाला असता तर जास्त मांस वाचलं असतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. खोटंच बोलायचं होतं तर चार दिवस हप्त्याहप्त्याने कशाला बोलले? तिघं जपाला बसलीच होती, त्यांच्या जोडीला मी पहिल्याच संध्याकाळी शंभर सांगितल्या असत्या तर? पण अप्पांना पटेल एवढंच खोटं मी बोलले. त्यातही माझी चोख मोजणी.

वॉर्डात अप्पांचा नुसता उत्सव चालला होता. येईल त्या नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला, जेवणाची गाडी ढकलणाऱ्या बाईला सांगणं एकच: माझ्या लेकीने काम सांभाळून सत्तर माळा केल्या, म्हणून मी आज उठून बसलोय. म्हातारा मला हात जोडायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सोमवारी सकाळी तो म्हातारा म्हणाला, पोरी, माझ्यासाठीही दोन माळा कर. मग मला राहवलं नाही. पडदा ओढला आणि अप्पांना सगळं सांगून टाकलं. वहिनी नंतर म्हणाली की मी मन हलकं करायला त्यांच्या डोक्यावर ओझं टाकलं. ती बोलली ते खरंच आहे.

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “किती कमी?”

“एकोणसाठ माळा.”

“त्या आता माझ्यासमोर म्हणायच्या. मोठ्याने. मोजायचं मी.”

मी रजा टाकली. रोज सकाळपासून त्यांच्या खाटेशी बसून घसा बसेपर्यंत म्हणत होते आणि ते डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजत होते. माळ त्यांनी माझ्या हातात दिलीच नाही. त्या मंत्रात पिकलेलं फळ देठापासून अलगद सुटतं तसं मरणातून सोडव, असं मागणं आहे. म्हणताना मला राग येई. पाय सुटला तो काही अलगद सुटला नव्हता. पण अप्पांचे ओठ माझ्याबरोबर हलायचे, चेहऱ्यावरचा त्रास थोडा उतरायचा, आणि मी पुढचा मंत्र धरायचे. दिवसाला आठ माळा होत होत्या. त्याखेरीज ते माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हते. पाणी हवं असलं तरी वहिनीला हाक.

गुरुवारी सकाळी ड्रेसिंग सोडलं तेव्हा जखमेची कड काळी होती. सर्जनबाईंनी मला खिडकीपाशी नेलं. पेशी सव्वीस हजार. गुडघ्याच्या वरून कापायचं, आणि आज, अकराच्या आत. विष रक्तात उतरलं की मग हातात काही राहणार नाही, असं त्या म्हणाल्या. कागद घेऊन त्या अप्पांच्या खाटेशी गेल्या. अप्पा पूर्ण शुद्धीवर होते. मान हलवून म्हणाले, “पस्तीस माळा राहिल्यात. त्या झाल्या की सही.”

पस्तीस माळा म्हणजे जवळजवळ सोळा तास. घड्याळात आठ वाजले होते.

मी त्यांचे हात धरले, रडले, भांडलेही. तुम्हाला देव हवा की मोजणी, असं तोडून बोलले. त्यांनी एवढंच म्हटलं की एकदा खोट्या मापावर पाय दिला, आता नाही. दादा भिंतीला टेकून उभा होता. मग अप्पांनी अंगठा पहिल्या पेरावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी सुरू केलं.

पहिली माळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या माळेत ताप इतका चढला की त्यांचे दात वाजायला लागले. पेर चुकायचं, ते कपाळाला आठ्या घालून मागचं पेर पकडायचे, मला तिथूनच घ्यायला लावायचे. तिसरी पुरी झाली तेव्हा त्यांनी मान हलवली. बत्तीस राहिल्या. चौथी अर्ध्यावर आली नाही तोच अंगठा मधल्या बोटावर थांबला. मी पुढचा मंत्र म्हटला. अंगठा हलला नाही. हाक मारली. पापणीसुद्धा लवली नाही. दहाला पाच मिनिटं होती.

शुद्ध नसेल तर मुलाची सही चालेल, असं बाई आधीच सांगून गेल्या होत्या. मी कागद दादाच्या हातात दिला.

“अप्पा नाही म्हणालेत,” तो म्हणाला.

“आत्ता ते काहीच म्हणत नाहीयेत. सही कर.”

तो पेन कागदाला टेकवेना, म्हणून मी त्याचं मनगट धरलं. म्हणजे ती सही माझीही झाली.

त्यांना आत नेलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मला मंत्र म्हणवेना. मोजणारं कुणी नसताना तो पुढे सरकेचना. बऱ्याच वेळाने वहिनीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच सुचवलं की अप्पा जागे झाले की सगळ्या माळा झाल्या म्हणून सांगावं. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार, तेवढंच समाधान. दादाही तेच म्हणाला. मायेनेच म्हणाली दोघं.

“नाही,” मी म्हटलं. “डोळे उघडले की ते पहिलं तेच विचारणार. बत्तीस राहिल्या, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मी पाय कापायला लावला, असं सांगणार.”

“मग ते जन्मात तुझ्याशी बोलणार नाहीत,” दादा म्हणाला.

न बोलू देत. विचारायला ते असले म्हणजे झालं.