धाकटीचा पांढरा कांदा

गिरिजाबाईनं कांद्याचा गोंडा मानेतून मोडला, उलटसुलट करून पाहिला आणि लुगड्याच्या ओट्यात टाकला. हजारांत एखादाच असा भेसळीचा निघायचा. दांडा जरा जाड, फुलाची ठेवण जरा निराळी. भुजंगाला, तिच्या लेकाला, बोट दाखवूनही तो दिसत नसे. तिला मात्र चालता चालता दिसायचा, पंगतीत न बोलावता बसलेल्या पाहुण्यासारखा.

दव सुकलं होतं. दोन एकर कांदा कमरेपर्यंत पांढऱ्या गोंड्यांनी भरला होता आणि उन्हं वर आली तशी सगळं रान वीतभर उचलल्यासारखं, तरंगल्यासारखं झालं होतं. मधमाश्यांचा एकच सूर लागलेला. त्या सुरातून चाललं की पाय आपले राहत नसत. गिरिजाबाईला वाटायचं, आपण कुठं चालतोय, हे रानच आपल्याला पुढं सरकवून राह्यलंय.

"आजी, जरा बांधावर येता का?"

जालन्याच्या बियाणं कंपनीकडून तपासणीला येणारी गंधाली होती ती. शहरात वाढलेली पोर, पण ढेकळांतून बरी चालायची.

"तिथूनच बोल. केस पिकलेत माझे, कान न्हाई."

"नाल्याच्या पलीकडं पांढरा गावरान कांदा फुलायला लागलाय. कोणाचा आहे?"

गिरिजाबाईचा हात जागीच थांबला. उत्तर भुजंगानं दिलं.

"धाकट्या काकूचा. पुष्पाकाकूचा."

"मग अवघड आहे. तुमचा लाल, त्यांचा पांढरा. माशी तिथून उठून इथं बसली की बी भेसळीचं झालं. किलोमीटरच्या आत दुसरा कांदा फुललेला चालत नाही." गंधालीचा आवाज उतरला. "त्यांचे आत्ता कुठं दोन-तीन गोंडे फुटताहेत. आज बंदोबस्त झाला तर उद्या मी पास लिहीन. नाहीतर प्लॉट बाद."

"फूल तर दोन्हीचं पांढरंच," गिरिजाबाई म्हणाली. "पोटात काय हाय ते वरून कळत न्हाई. माणसावानीच."

कोणी हसलं नाही.

अकरा वर्षांत तिचा प्लॉट एकदाही बाद झाला नव्हता. पहिल्या वर्षी कंपनीच्या माणसाला तिनं तोंडावर विचारलं होतं, इतका हिरवागार मुलूख सोडून आमच्या उजाड रानात कशाला आलात? तो म्हणाला होता, मावशी, बी भरताना हवा कोरडी लागते, आणि तशी हवा तुमच्याकडं आहे. "म्हंजे आमच्या दुष्काळाला गिऱ्हाईक आलं म्हणा की," ती म्हणाली होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. या वाऱ्याला तिनं उभा जन्म शिव्या दिल्या होत्या. अंकुशनगरकडं ऊस, पाणी, कारखाना. इकडं कुसळं आणि धूळ. गावातली जोडपी तिकडं ऊस तोडायला जायची, पोरं जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत भट्टीवर. भुजंगानं नऊ वर्षं भट्टी केली. बी आलं तसा तो परत आला. कोपरापासून मनगटापर्यंत ठिणग्यांचे डाग तेवढे घेऊन आला. वारा तोच होता. फक्त आता त्याच वाऱ्यावर बियाण्याचे टेम्पो भरत होते, आणि राजूरच्या दुकानदारांनी दुकानावर माड्या चढवल्या होत्या.

"जालन्याहून त्या कल्याणचा फोन आल्ता," गंधाली गेल्यावर भुजंग म्हणाला. "भट्टीवर जागा हाय म्हणला. प्लॉट गेला तर मंग मी जातो."

"गप."

"मी बोलू का काकूशी?"

"तुला काय माहीत कसं बोलायचं ते."

तिला तरी कुठं माहीत होतं? चौदा वर्षं दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. वाटणीच्या दिवशी चार माणसांत थोरली म्हणाली होती, "शेत करायची धमक हिच्या अंगात न्हाई, हिला रान देणं म्हंजे कुत्र्याच्या गळ्यात लोढणं." धाकटीनं ते ऐकून घेतलं आणि नाल्यापलीकडचं खडकाळ रान उचललं. एक शब्द बोलली नाही. मग बोललीच नाही.

गिरिजाबाई नाला उतरली. तळाशी वाळू तापायला लागली होती. पलीकडं चढून गेली तर पुष्पाबाई वाफ्याच्या कडेला बसून गवत काढत होती. वाफा केवढा, दोन बाजांएवढा. चाळीसेक दांडे. वर कळ्यांचे पांढुरके गोळे, काही अजून मिटलेले, झोपेत असल्यासारखे.

"या बाई," पुष्पाबाई मान वर न करता म्हणाली. "वाट चुकलात का?"

"न्हाई. वाटेवरच हाय."

"काल ती कंपनीची पोरगी बांधावर उभी राह्यली होती. तव्हाच म्हणलं, आता थोरल्या बाईंचे पाय लागतील माझ्या रानाला."

गिरिजाबाईनं सगळं सांगितलं. दोन एकर, किलोमीटर, माशी, भुजंग.  पुष्पाबाईनं ऐकून घेतलं. मग विळा उचलला आणि मूठ पुढं करून धरला.

"घ्या. कापा."

"मी?"

"मंग कोण? सासूबाईंचं बी हाय हे. दरसाल माहेरच्या रानात धरायचे, औंदाच इथं लावलं. तुमच्याकडं बी होतं, माझ्याकडं बी. कंपनी आली तसं तुम्ही तुमचं फेकलं. आता हे बी तुमच्याच हातानं जाऊ द्या. मला त्या पापात घेऊ नका."

विळा हातात आला. गिरिजाबाई वाफ्यात शिरली. कांद्याचं बी एका वर्षाचं. यंदा धरलं नाही तर पुढच्या साली उगवत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं पहिल्या दांड्याला हात घातला. पोकळ, थंडगार दांडा, आत हवा भरलेला. वर उमललेल्या गोंड्यावर एक माशी बसली होती, पाय पिवळे करून. तिनं बघता बघता झेप घेतली, नाल्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर गिरिजाबाईची नजरही गेली, पलीकडच्या त्या तरंगत्या पांढऱ्या रानापर्यंत. इथून ते रान तिनं कधी पाहिलंच नव्हतं. अकरा वर्षं धाकटी दर फुलोऱ्यात बघत आली असणार.

तिनं विळा बांधावर ठेवला.

"मच्छरदाणी हाय का तुझ्याकडं?"

"काय?"

"मच्छरदाणी गं. पलंगावरची."

 पुष्पाबाई उठून घरात गेली आणि मच्छरदाणी घेऊन आली. दोघींनी तुऱ्हाट्या रोवल्या, वर मच्छरदाणी टाकली, कमी पडली तिथं दोन जुनेरं जोडली, कडेनं माती ओढून घेतली. माश्या बाहेरून येऊन जाळीवर टकटक डोकं आपटायला लागल्या. आतले गोंडे स्वच्छ, एकटे उभे.

"हे बराबर झालं," पुष्पाबाई म्हणाली. "तुमचं बी वाचलं. पर माझ्यात आता माशी जाईना. मंग बी भरंल कसं? माशीचं काम करायचं कोणी? माझे गुडघे आत घुसून वाकायचे राह्यले न्हाईत."

गिरिजाबाई पदरानं हात पुसत होती. 

दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर गंधाली आली तेव्हा लाल कांद्याच्या प्लॉटवर भुजंग एकटाच होता. तो तिला नाला ओलांडून घेऊन गेला. पुष्पाबाई बाहेर बसून जाळीची फाटलेली कड शिवत होती. जाळीच्या आत, धुक्यात असावी तशी, एक बाई ओणवी होऊन हळूहळू सरकत होती. तळहातानं एक गोंडा कुरवाळायची, मग त्याच हातानं दुसरा. वेळेचं तिला भान नसावं.

गंधालीनं जाळीभोवती एक फेरी मारली, कड दाबून पाहिली आणि वहीत पास लिहिलं.

"आत कोण आहे, आजी?"

"मजूर लावलाय," पुष्पाबाई म्हणाली. "हात चांगला हाय. तोंडाचं काई सांगत न्हाई."

भुजंगानं झटकन मान दुसरीकडं फिरवली.

आत गिरिजाबाईचा हात गोंड्यावर थांबला. जिभेवर उत्तर आलं होतं. असं उत्तर, की धाकटीला ते आणखी चौदा वर्षं पुरलं असतं. तिनं तळहात पाहिला. रेषारेषांत पिवळी भुकटी भरली होती.

"किती दिवस करावं लागेल हे?" गंधालीनं विचारलं.

 सुई तशीच धरून पुष्पाबाई जाळीकडं बघत राहिली.

"सगळे गोंडे उमलून सरतील तवर," आतून आवाज आला. "आणि पुष्पे, उद्यापासून ती तुऱ्हाटी जरा उंच रोव. पाठ धरती माझी."