डाव्या पायाचे बूट

या शहरात आमचा हॉकी संघ कायम हरतो. सर, म्हणजे आमचे प्रशिक्षक, मैदानाला दोष देतात. मी देते इथल्या रात्रीला. मैदानापासून हाकेच्या अंतरावर तो रस्ता. क्लब, बार, पहाटेपर्यंत नुसता धांगडधिंगा. पोरं तिकडे सटकतात आणि सकाळी मैदानावर पेंगतात. मी संघाची मॅनेजर. पोरं मला तोंडावर ताई म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे मला. यंदा सामन्याच्या आदल्या रात्री लॉजवर जेवणं झाल्याबरोबर मी सगळ्यांच्या चपला आणि डाव्या पायाचे बूट गोळा केले आणि पोतं भरून माझ्या खोलीत ठेवलं. म्हटलं, जा आता कुठे उंडारायचंय ते!

सकाळी बॅगा तपासते तर गोलकीपरचा डावा किकर चिखलाने माखलेला. किकर म्हणजे तो पायावर बांधतो ते फोमचं जाडजूड धूड. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पठ्ठ्या एका पायात बूट आणि दुसऱ्यात ते धूड घालून शहर फिरून आला होता!

या गोलकीपरला सगळे कपाट म्हणतात. तो उभा राहिला की मागचा गोल दिसत नाही. नाश्त्याच्या टेबलाशी त्याला गाठलं. डोळे लालबुंद.

“कुठे होतास रात्री?”

“त्या रस्त्यावर.”

“कशाला?”

मान खाली घालून पावाचे तुकडे करत बसला.

“आज तू खेळणार नाहीस. विषय संपला.”

“बरं, ताई,” तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला आणखीच राग आला.

तेवढ्यात खाली कुणीतरी भेटायला आल्याचा निरोप आला. काळा कोट घातलेले एक उंचापुरे गृहस्थ उभे होते. चेहऱ्यावर रात्रभराचं जागरण.

“पोराची मॅच किती वाजता आहे हो? मी गोलकीपरचा बाबा.”

“त्याचे प्रताप कळले का तुम्हाला?” मी सुरूच झाले.

“रात्री माझ्याजवळ होता तो,” ते हळूच म्हणाले. “त्या रस्त्यावर क्लबच्या दारावर उभा असतो मी. रात्री काम, दिवसा झोप. घरी जाणं होतच नाही. तो इथे खेळायला आला की रात्री माझ्या शेजारी येऊन उभा राहतो, तेवढीच काय ती भेट. घरी वाटतं मी ऑफिसात नोकरीला आहे. कुणाला सांगू नकोस, असं मीच बजावलंय त्याला. काल म्हणाला, बाबा, एकदा तरी मला खेळताना बघा. म्हणून तसाच आलो. खोलीवर जाऊन आडवा झालो असतो तर उठलोच नसतो.”

माझा सगळा पारा उतरला.

मी सरळ पोरांसमोर गेले. “रात्री बाहेर जायचं नाही हा नियम मी केला होता, कपाटासाठी मीच मोडतेय. बोंबला काय बोंबलायचं ते!” सर नुसतेच हसले.

सामन्याला मी त्याच्या बाबांशेजारी बसले. ते खुर्चीच्या टोकावर, पुढे वाकून.

“केवढा दिसतोय हो! लहानपणी नुसती काडी होता.”

थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर ओझं आलं. बघते तर बाबा गाढ झोपलेले. आणि नेमका तेव्हाच आमच्याविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक! समोर एकटा खेळाडू, अडवायला एकटं कपाट. हेच तर बघायला आला होता ना हा माणूस?

“अहो, उठा! उठा ना!” मी त्यांना हलवायला लागले.

कपाटाने गोलमधून वर बघितलं. बाबांना बघितलं. मग तो भलामोठा ग्लोव्ह उचलून त्याने मला खूण केली: राहू दे, ताई. झोपू दे.

वळला, आणि चेंडू अडवला.

एरवी मी मैदान डोक्यावर घेतलं असतं. पण त्या दिवशी मी तोंडावर हात घट्ट दाबून रडले, आणि खांदा जरासुद्धा हलू दिला नाही.