चौकटीतला गुणाकार

अंबडच्या प्रशिक्षणाहून आल्यापासून वंदनाबाईंना हुरूप आला होता. तिथं शिकलेली गुणाकाराची चौकट त्यांनी आठवडाभर चौथीच्या वर्गाला शिकवली, आणि आज ती दाखवायला पालकांना बोलावलं. आल्या पाच बाया. त्यांत अर्पिताची आई प्रीती होती. सोळा वर्षांपूर्वी प्रीती याच वर्गात, वंदनाबाईंच्याच हाताखाली शिकली होती.

बाईंनी फळ्यावर तेवीस गुणिले चौदा मांडलं, चौकट आखून तिची चार घरं केली. वर वीस आणि तीन, बाजूला दहा आणि चार.

"एकेक घर भरायचं. दोनशे, तीस, ऐंशी, बारा. बेरीज केली की झालं. हातचा नाही, काही नाही. आता आयांपैकी कोण करतं?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. अर्पितानं आईला पुढं ढकललं. बाईंनी पस्तीस गुणिले बारा दिलं. प्रीतीनं चौकट आखली, सावकाश घरं भरली, बोटांवर बेरीज करून चारशे वीस लिहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी मोबाइलवर फोटो काढला.

"बघ, आलं की नाही?" बाई खुलल्या.

प्रीती फळ्याकडंच बघत होती. "बाई, एवढंच व्हतं?"

"एवढंच गं."

"मंग मला का मारलं?"

प्रीती फळ्याकडून बाईंकडं वळली.

"दुसऱ्या ओळीत फुली मारायची मी इसरायचे. तुम्ही उलट्या हातावर पट्टी मारायच्या. डोक्यात भुसा भरलाय म्हनायच्या. बाप म्हनला, भुसाच हाय तर शाळा कशाला. पाचवीला घातलंच न्हाई. पंधराव्या वर्षी लगीन लावलं."

"अगं, आम्हाला तरी कुठं माहीत होती ही पद्धत? प्रशिक्षण आत्ता झालं."

"पट्टीचं बी प्रशिक्षण झाल्तं का?"

बाईंनी आठवून पाहिलं. प्रीतीचा हात काही केल्या आठवेना. असे किती हात समोर आले होते. "तुझ्या भल्यासाठीच," त्या म्हणाल्या, आणि बोललेलं त्यांचं त्यांनाच ऐकवेना.

प्रीतीनं खडू ठेवला. "हिला येऊन राह्यलं, तेवढं बरंय," म्हणत लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घालून निघून गेली.

शाळा सुटल्यावर बाई अहवाल भरायला बसल्या. 'पालकांचा प्रतिसाद' या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबला. मग त्यांनी 'उत्तम' लिहिलं आणि खडू हातात घेतलेल्या प्रीतीचा फोटो केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

"अभिनंदन मॅडम," केंद्रप्रमुखांचं लगेच उत्तर आलं.

"धन्यवाद सर," बाईंनी लिहिलं.